रडण्याचं बटण

डिझायनरबाईने खोक्यातून डबी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा सगळे खुर्च्या सरकवून पुढे वाकले. डबी होतीच तशी. गोल, गुळगुळीत, मुठीत मावणारी. आवाज आत जायला सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. ते सोडलं तर कुठे स्क्रू नाही, फट नाही, वायर नाही. नुकत्याच न्हाऊन निजलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तसं साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"झकास!" साहेब म्हणाले.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "आता मी हिला हात कुठे लावू?"

डॉक्टर हे खरे डॉक्टर नव्हते. ते चाचणी विभागाचे प्रमुख होते. गळ्यात सदानकदा मीटरच्या दोन वायरी लोंबत असायच्या, एक लाल आणि एक काळी. तयार झालेलं प्रत्येक सर्किट त्यांच्यापुढे यायचं, ते त्याला इथे टोचायचे, तिथे टोचायचे आणि शेवटी "वाचेल" किंवा "गेलं" एवढंच बोलायचे. त्यामुळे डॉक्टर.

डबीचं काम साधं होतं. ती बाळाच्या पाळण्याला अडकवायची. बाळ रडलं की दुसऱ्या खोलीत ठेवलेला दिवा लुकलुकायला लागणार. ज्या आईबापांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ही कल्पना डिझायनरबाईला बाळंतपणाच्या रजेत सुचली होती. एकदा मोरीत धो धो नळ सोडून ती दुपटी धूत बसली आणि आत बाळ रडून रडून लाल झालं. तिला कळलं तेव्हा त्याचं रडणं संपून हुंदके सुरू झाले होते. त्याला छातीशी धरून तीही रडली, आणि रडतारडता तिच्या मनात आलं, मला चांगले दोन कान आहेत तरी ही गत. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी काय करायचं?

रजेवरून येताना ती ही कल्पना बरोबर घेऊनच आली. पहिलं सर्किट पुस्तकाएवढं झालं. त्यावर डॉक्टरांनी हट्टाने जागोजागी तांब्याचे उघडे ठिपके ठेवायला लावले होते. या ठिपक्यांना मीटरची वायर टेकवली की आत कुठपर्यंत ठीक चाललंय आणि कुठे गाडं अडलंय ते कळतं. ऑफिसात त्यांना सगळे टिकल्या म्हणत. शिवाय एक छोटं बटणही होतं. ते दाबलं की सर्किट आतल्या आत खोटं रडायचं, म्हणजे दिवा लागतो का ते पाहता यायचं.

ते सर्किट मस्त चाललं. मग ते डबीत मावेल एवढं लहान करायची वेळ आली, आणि डिझायनरबाईने पहिली कात्री लावली ती टिकल्यांना.

"अहो, टिकल्या कुठे गेल्या?" डॉक्टरांनी आराखडा उलटासुलटा करून विचारलं होतं.

"काढल्या. डबीला गोवर आल्यासारखा दिसत होता."

"आणि बटण?"

"तेही काढलं. चालतंय ना? मग चाचणी कशाला?"

"बाई, ते चालत होतं. हे चालणार आहे. दोन्हींत फरक असतो."

पण साहेबांना गोवर नसलेलीच डबी आवडली. वर बाळाची लाळ आत जाऊ नये म्हणून डिझायनरबाईने आतमध्ये रेझीन ओतून सगळं सर्किट काचेसारखं घट्ट बंद करून टाकलं. आता डबी उघडायची तर हातोडाच हवा. आणि असा हा पहिलावहिला नग आज सकाळी कारखान्यातून आला होता. दुपारी दुकानवाल्या बाई तो पाहायला येणार होत्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी लागणाऱ्या वस्तूंची त्यांची गावोगाव दुकानं होती. त्यांना डबी पसंत पडली तरच पुढचं काम सुरू होणार होतं.

साहेबांनी डिझायनरबाईला बाजूला घेतलं. "मॅडम, आज नीट दाखवा हं. नाहीतर हे काम वरच्या मजल्यावरच्या टीमकडे द्यावं लागेल. तुम्हाला घरी लहान बाळ आहे, आम्ही समजू शकतो."

साहेब रागावले असते तर तिला एवढं लागलं नसतं. लागलं ते त्यांचं समजू शकणं.

"आत्ताच चालवून बघू या," ती म्हणाली.

दिवा बैठकीच्या खोलीत ठेवला होता. तो उचलून आणला आणि डबीशेजारी ठेवला. डॉक्टरांनी फोनवर बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग लावलं. फोनमधलं बाळ जीव तोडून रडलं. दिवा ढिम्म.

"गेलं," डॉक्टर म्हणाले.

"गेलं काय लगेच! रेकॉर्डिंगला लागणारच नाही तो. टीव्हीवर बाळ रडलं तर आईने उठून धावायचं का? मीच तशी सोय केली आहे. खऱ्या आवाजालाच लागतो."

"बरं. खरं रडू." डॉक्टरांनी घसा खाकरला आणि "ट्यांहा, ट्यांहा" असा आवाज काढला. रिसेप्शनवरची मुलगी दारातून डोकावली. दिवा ढिम्म.

"मोठ्या माणसांच्या रडण्यालाही लागत नाही."

"तेही तुम्हीच केलंय?"

"हो. घरात नवराबायकोचं भांडण झालं तर दिवा कशाला लागायला हवा?"

साहेबांना हे पटेना. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, टाय सैल केला आणि त्यांच्या मते हुबेहूब तान्ह्या बाळासारखं रडून दाखवलं. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉलेजात अभिनयाचं बक्षीस मिळवलेलं होतं, तिला बोलावलं. ती असं रडली, असं रडली, की साहेबांचे डोळे भरून आले. डबीने तिलाही भीक घातली नाही.

"म्हणजे बघा," डॉक्टर वायरींची टोकं एकमेकांवर घासत म्हणाले, "एक तर डबी फार हुशार आहे, नाहीतर मेलेली आहे. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. आत काय चाललंय ते दिसायची सोय नाही, आणि बाहेरून हवं ते करून घ्यायची सोय नाही. टिकली असती तर पहिली गोष्ट झाली असती, बटण असतं तर दुसरी."

"कळलं हो," डिझायनरबाई म्हणाली.

"नाही, मी आपलं सांगितलं."

"आता हिला खरं बाळच लागणार," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदम डिझायनरबाईकडे पाहिलं.

तिच्या बाळाला घरात सगळे भोंग्या म्हणत. ते नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं. तिने घरी फोन लावला. सासूबाईंच्या "हॅलो"च्या आधी भोंग्याचा आवाज आला.

"अगं, सकाळपासून हा असाच आहे बघ," सासूबाई ओरडून म्हणाल्या. "खाली ठेवू देत नाही की मांडीवर राहत नाही. कशाला फोन केलास?"

"आई, त्याला जरा ऑफिसात घेऊन याल?"

"का गं? आठवण आली का?"

"आठवण… हो, आली. शिवाय इथे एक काम अडलंय. त्याचं रडणं हवंय."

पलीकडे थोडा वेळ फक्त भोंग्या बोलला.

"पोराला रडवायला बोलावतेस?" सासूबाई म्हणाल्या. "आई आहेस ना गं त्याची?"

"रडवायचं नाही हो. तो रडतोच आहे. फक्त इथे येऊन रडायचंय."

सासूबाई गाडी करून आल्या. जिना चढेपर्यंत भोंग्याचा आवाज येत होता. साहेब खूश झाले, डॉक्टरांनी दिवा पुन्हा बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवला. कामाच्या खोलीचं दार उघडलं, भोंग्या आत आला, आणि त्याने तोंड मिटलं.

समोर भिंतीवर यंत्रांची रांग होती. हिरवे दिवे, तांबडे दिवे, आणि मधोमध एका पडद्यावर हिरवी लाट सारखी वाहत होती. भोंग्याने लाटेकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या गळ्यातल्या लाल वायरीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मजा मिळाल्यासारखा खदखदून हसला.

"अगं बाई, हसला!" सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून मी एवढं नाचले तेव्हा नाही हसला."

डिझायनरबाईने डबी त्याच्या जवळ, खुर्चीच्या पाठीला अडकवली. "डॉक्टर, दिव्याजवळ कोणीतरी बसायला हवं."

"मी बसतो. तुमच्यापैकी कोणाचा भरवसा नाही. पोर रडलं की सगळे इकडे गोळा व्हाल, आणि दिव्याकडे बघायला कुत्रं राहणार नाही."

"पण आधी हा रडायला तर हवा," साहेब म्हणाले.

मग भोंग्याला रडवायचे प्रयत्न सुरू झाले. साहेबांनी त्याच्या हातातला खुळखुळा काढून घेतला. भोंग्याने त्यांचा टाय धरला. साहेबांनी डोळे वटारले. इतर वेळी या वटारलेल्या डोळ्यांनी मोठमोठी माणसं रजेचे अर्ज मागे घेत. भोंग्याने ते डोळे बोटाने दाबून पाहिले. डॉक्टरांनी जोरात शिंक काढून दाखवली, तर त्याला अजून हवी होती. त्यांनी आणखी शिंका काढल्या.

"चिमटा वगैरे कोणी मनात जरी आणला ना," सासूबाई सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाल्या, "तर खऱ्या डॉक्टरची गरज पडेल."

"त्याला आईंजवळ ठेवून मी लांब जाते," डिझायनरबाई म्हणाली. "मी दिसेनाशी झाले की रडतो तो." ती कपाटामागे जाऊन उभी राहिली. तिथे अंधारात उभी असताना तिला स्वतःचीच लाज वाटली. आपण नाही म्हणून त्याने रडावं, अशी ती आज प्रार्थना करत होती, आणि रोज सकाळी घरातून निघताना त्याने रडू नये म्हणून हीच प्रार्थना उलटी करत होती. तिने हळूच डोकं बाहेर काढलं. भोंग्या कपाटाकडेच बघत बसला होता. ती दिसताच तो टाळी वाजवून खिदळला. त्याच्या लेखी हा लपाछपीचा खेळ होता.

त्या खिदळण्यात त्याचं झबलं वर गेलं. डॉक्टर वाकून पाहू लागले.

"बघा बाई. यालासुद्धा एक टिकली ठेवलेली आहे."

"ती बेंबी आहे, डॉक्टर."

"तेच. आतलं काम चालू असताना जोडणी होती ना तिथे?"

"होती. माल बाहेर आला की कापतात."

"कापली तरी खूण ठेवली. तुम्ही तेवढीही ठेवली नाही," असं म्हणून डॉक्टर दिव्यावर पहारा द्यायला निघून गेले.

कोणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं. साहेब खुर्चीत बसले आणि टायला लागलेली लाळ रुमालाने पुसू लागले. सासूबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. डिझायनरबाई जमिनीवरच फतकल मारून बसली. हिरव्या लाटेचं यंत्र कोणीतरी बंद केलं. खोलीत शांतता पसरली.

भोंग्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब नाचत नव्हते. आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. खेळ संपला होता. त्याचा खालचा ओठ हळूच पुढे आला, थरथरला, आणि मग त्याने असा सूर लावला की खिडकीची तावदानं हलली.

"रडला!" साहेब उडी मारून उठले, आणि पुढच्याच क्षणी म्हणाले, "अरे अरे अरे, काय झालं आमच्या राजाला?"

हे ते ठरवून म्हणाले नाहीत. सासूबाईंनी नातवाला उचललं, डिझायनरबाईने त्याला त्यांच्याकडून घेतलं, साहेबांनी खुळखुळा परत दिला, वर टायही देऊ केला. दार धाडकन उघडलं आणि कोणीतरी धापा टाकत आत शिरलं. त्याने लाल वायर भोंग्याच्या नाकासमोर नाचवली आणि "नाही नाही नाही, शहाणं माझं ते!" असं म्हणत त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. सगळ्यांनी मिळून एवढी समजूत घातल्यावर भोंग्याने तरी किती ताणायचं? तो हुंदका देऊन गप्प झाला आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगायला लागला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग साहेबांचं लक्ष लाल वायरीकडे गेलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही इथे काय करताय?"

डॉक्टरांनी हातातला इवलासा तळपाय सोडला.

"दिवा लागला का?"

"मी… निघालो तेव्हा तरी लागला नव्हता."

"तो लगेच लागत नाही," डिझायनरबाई हळू आवाजात म्हणाली. "उचकीला, जांभईला लागू नये म्हणून तो थोडं थांबतो, मग लागतो. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण पोर थांबत नव्हतं हो."

भोंग्या आता गाढ झोपला होता. त्याला उठवायची गोष्ट सासूबाईंसमोर काढायची कोणाची छाती नव्हती. डबी खुर्चीच्या पाठीला शांत लटकत होती, हुशार किंवा मेलेली. साहेब डिझायनरबाईजवळ आले. त्यांचा चेहरा पुन्हा समजू शकणारा झाला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. अशा वेळी घराकडे लक्ष…"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. एक वयस्क बाई आत डोकावल्या. हातात पर्स, मागे घाबरीघुबरी रिसेप्शनवरची मुलगी.

"सर, मॅडम वेळेआधीच आल्या," मुलगी म्हणाली. "मी त्यांना बैठकीच्या खोलीत बसवत होते, तर डॉक्टर आमच्या अंगावरून धावत गेले. आणि या तिथे बसल्या न बसल्या तोच उठून इकडे निघाल्या. मी हाका मारल्या, पण थांबेचनात."

दुकानवाल्या बाई हे काहीच ऐकत नव्हत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि डिझायनरबाईच्या खांद्यावरचं बाळ दिसताच त्यांचा चेहरा निवळला.

"झोपला का?" त्यांनी विचारलं. "काय झालं होतं?"

साहेब ओशाळले. "माफ करा हं. ऑफिसात असं रडणं वगैरे… तुम्हाला आवाजाचा त्रास झाला."

"काय म्हणालात? थांबा जरा." बाईंनी पर्स उघडली, आतून कानात घालायचं छोटं यंत्र काढलं आणि कानात नीट बसवलं. "रस्त्यावर खोदकाम चाललंय ना, ते सहन होईना म्हणून काढून ठेवलं होतं. हं, आता बोला. कसला आवाज?"

"बाळाच्या रडण्याचा."

"मला कुठला ऐकू येतोय? मी बसले होते, तर टेबलावरचा दिवा लागला. लुकलुक, लुकलुक. राहवेना, म्हणून उठले आणि एकेक दार उघडून बघत आले."

डॉक्टर दोन पावलं पुढे आले.

"लागला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही स्वतः पाहिलात?"

"लागला म्हणून तर आले ना!"

डिझायनरबाईने बाळाच्या टाळूवर ओठ टेकले आणि तिथेच ठेवले. दुकानवाल्या बाई खुर्चीपाशी गेल्या, डबी हातात घेतली, साहेबांसारखंच तिच्यावरून बोट फिरवलं.

"माझी मुलगी लहान होती तेव्हा मी तिच्या पायाला दोरी बांधायचे," त्या म्हणाल्या. "दुसरं टोक माझ्या मनगटाला. ती हलली की मला कळायचं. दोरी आखूड होती, त्यामुळे मला स्वयंपाकघरापर्यंतही जाता यायचं नाही." त्यांनी डबी तळहातावर तोलली. "ही कोणी केली?"

"हिने," सासूबाई साहेबांच्या आधी म्हणाल्या. "माझी सून आहे."

"मग पुढचंही हीच करेल ना?"

"अर्थात!" साहेब म्हणाले. "दुसरं कोण करणार? मी तर आधीपासून म्हणतोय."

"छान. फक्त एक सांगा." बाईंनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. "दुकानात गिऱ्हाईक विचारणार, चालू आहे का दाखवा. मी काय करू? प्रत्येक दुकानात काउंटरवर एक बाळ बसवू? आणि तेही रडकं?"

डॉक्टर छताकडे पाहू लागले. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"पुढच्या डबीला बटण असेल," डिझायनरबाई म्हणाली. "रडण्याचं."

"आणि टिकल्या?" डॉक्टरांनी छतालाच विचारलं.

"त्याही. रेझीन ओतायच्या आधी तुम्ही सगळीकडे टोचून घ्या, मगच बंद करू. तुम्ही म्हणाल तेवढ्या ठेवते."

"पाठीमागे ठेवल्या तरी चालतील," डॉक्टर उदार मनाने म्हणाले. "गोवर दिसणार नाही."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर भोंग्याने दिवसभराची कसर भरून काढायला घेतली. नवरा त्याला खांद्यावर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता.

"भूक लागली असेल."

"आत्ताच पाजलंय."

"ओला आहे का?"

"कोरडा ठणठणीत आहे."

"मग पोट दुखत असेल. नाहीतर कान. नाहीतर…" नवरा हताश होऊन पलंगावर बसला. "काही म्हणजे काही कळत नाही. आज एवढं यंत्र बनवून आलीस, रडतोय हे सांगणारं. का रडतोय ते सांगणारं कधी बनवणार?"

डिझायनरबाईने भोंग्याला पलंगावर निजवलं. झबलं वर सारलं. थोडा विचार केला आणि त्याच्या बेंबीवर हलकेच बोट दाबलं.

रडणं थांबलं. मध्येच, अर्ध्या सुरात. भोंग्याने आधी आपल्या पोटाकडे आणि मग आईकडे पाहिलं, आणि बोळकं पसरून हसला.

दोघांनी श्वास रोखून धरला.

"काय केलंस?" नवरा कुजबुजला. "नक्की त्यानेच थांबला का? परत दाबून बघ ना."

तिने अलगद बोट काढून घेतलं आणि झबलं खाली ओढलं.

"गप्प बस," ती त्याहून हळू कुजबुजली. "चालतंय ना? मग चाचणी कशाला?"